डोंगरगण, मांजरसुंबा व भंडारदरा : नगर जिल्ह्यांतील उन्हाळी विसाव्याचा विचार

उन्हाळा लागला म्हणजे शहर सोडून एखाद्या लहानशा, झाडापाण्याच्या गांवीं चार आठवडे जाऊन राहावें, ही चाल आपल्याकडे इंग्रजांनीं आणली, अशी समजूत रूढ आहे. महाबळेश्वर व माथेरान यांच्या इतिहासानें ती दृढ केली आहे. सर जॉन माल्कम याच्या नांवानें महाबळेश्वरावर पेठ वसली ती १८२८ च्या सुमारास, आणि ठाण्याचा कलेक्टर मॅलेट माथेरानावर चढला तो १८५० सालीं. तेव्हां त्यापूर्वीं दक्षिणेंतले लोक उन्हांत तसेच होरपळत बसत असत, असा निष्कर्ष वाचक सहज काढतो. आमच्या मतें हा निष्कर्ष अर्धा खरा व अर्धा खोटा आहे, आणि त्याची परीक्षा करण्यास नगर जिल्ह्याइतकें सोईचें क्षेत्र क्वचित् असेल. (या जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर असें झालें आहे, परंतु पुढील विवेचन बव्हंशीं मागील काळचें असल्यामुळें आम्हीं नगर हेंच नांव ठेविलें आहे.)

प्रथम खरा अर्धा पाहूं. जुन्या महाराष्ट्राच्या वर्षक्रमांत उन्हाळ्याला विश्रांतीचें स्थान नव्हतें. फौजा दसऱ्यास सीमोल्लंघन करून बाहेर पडत व मृगाच्या तोंडावर छावणीस परतत; विसावा असे तो पावसाळ्यांत. भर उन्हांत लढाया होत. ज्या लढाईंत मलिक अहमदानें बहामनी फौजेचा मोड केला व निजामशाहीचा पाया घातला ती २८ मे १४९० रोजीं झाली, आणि त्याच रणभूमीच्या आसपास १४९४ सालीं नगर शहराची उभारणी सुरू झाली. म्हणजे या शहराचा जन्मच वैशाखवणव्यांतला आहे. रयतेचेंहि तसेंच. नांगरट, विहिरीचा गाळ काढणें, घरें शाकारणें, लग्नें, जत्रा हीं सारीं कामें चैत्र-वैशाखांतलीं. कुणब्याला उन्हाळा म्हणजे मोकळा वेळ असें ज्यांस वाटतें त्यांनीं एका वैशाखांत त्याच्या घरीं राहून पाहावें.

आतां खोटा अर्धा. ज्याच्या हातीं सत्ता होती त्यानें मात्र उन्हाळ्यावर तोड काढली होती, आणि ती इंग्रजांच्या आधीं तीन शतकें. नगरचें पठार सुमारें सव्वादोन हजार फूट उंच. पाऊस वर्षाकांठीं वीस-पंचवीस इंच. मे महिन्याचें वारें कोरडें ठणठणीत. अशा हवेचा एक गुण आहे. कोंकणांत पाण्याशेजारीं बसलें तरी घाम सुकत नाहीं; नगरच्या कोरड्या हवेंत पाण्यावरून आलेली झुळूक मात्र खरोखर गार असते, कारण कोरडें वारें पाण्याची वाफ झपाट्यानें करतें व त्या क्रियेंत उष्णता खर्ची पडते. निजामशाही कारागिरांनीं हें ओळखलें होतें. त्यांचे विलासमहाल डोंगराच्या माथ्यावर शोधण्यापेक्षां तळ्याच्या पोटांत शोधावे. नगरच्या आग्नेयेस फराहबागेचा अष्टकोनी महाल एका मोठ्या तळ्याच्या मध्यभागीं उभा आहे. तो मुर्तजा निजामशहाच्या कारकीर्दींत, १५८३ सालीं पुरा झाला. उत्तरेकडील हश्त बिहिश्त बागेचा, म्हणजे लोकांच्या तोंडच्या भिस्तबागेचा, प्रकारहि तोच.

हीं तळीं पावसावर भरत नसत. शहराच्या भोंवतालच्या डोंगरउतारांवरून, कापूरवाडी, शेंडी वगैरे गांवांच्या शिवारांतून, भाजलेल्या मातीच्या नळांनीं पाणी आणलेलें होतें. नगरकर त्यांस खापरी नळ म्हणतात. नळाची बांधणी, त्यांतील उसासे, गाळ बसण्याचे हौद यांचें कौतुक पुष्कळांनीं केलें आहे व तें यथार्थ आहे. पण नळ ज्या गांवांतून निघाला त्या गांवाच्या वांट्यास काय राहिलें, हा प्रश्न आमच्या इतिहासांत सहसा विचारला जात नाहीं. फराहबागेंत मुर्तजा एका गवयाबरोबर बुद्धिबळें खेळत बसे अशी आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे. कापूरवाडीचा कुणबी त्या वेळीं काय करीत होता याची आख्यायिका नाहीं.

शहराजवळच्या बागा सोडून उत्तरेस वांबोरीच्या वाटेनें गेलें म्हणजे पांचसहा कोसांवर डोंगरगण लागतें. नगरचें पठार येथें तुटतें व राहुरीच्या सखल प्रदेशाकडे उतरूं लागतें. या तुटलेल्या कडेच्या एका घळींत झरे आहेत, त्यांच्या ओलाव्यावर वाढलेली झाडी आहे, व लहानसा धबधबा आहे. घळींत रामेश्वराचें देवस्थान असून सीतेची न्हाणी म्हणून एक जागा दाखवितात. वनवासांत सीता येथें न्हाली कीं नाहीं हा वाद आम्ही करीत नाहीं. एवढें मात्र खरें, कीं ज्या कोरड्या मुलखांत बारमास पाणी दिसेल तेथें लोक सीतेची न्हाणी पाहतात. अशा न्हाण्यांची यादी केली तर तो दुष्काळी भागांतील भरंवशाच्या झऱ्यांचाच नकाशा होईल. गांव लहान, घळ जवळ, सावली दाट. नगरच्या उन्हांतून तेथें उतरणाऱ्या माणसाच्या अंगावरून जो थंडावा जातो त्याचें वर्णन करण्याचें आम्ही टाळतों, कारण तें करूं लागल्यास लेखाचा विषय बाजूस राहील. इंग्रज अंमलदारांनीं या घळीस 'हॅपी व्हॅली', सुखाची दरी, असें नांव दिलें, आणि तें नगरच्या सुशिक्षितांच्या तोंडीं अद्यापि आहे.

डोंगरगणाच्या शेजारींच मांजरसुंब्याचा गड आहे. (बीड जिल्ह्यांतील मांजरसुंबें निराळें, दोहोंची गल्लत अनेकदां होते.) गड म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें तटबंदी, बुरूज व वेढे येतात. मांजरसुंब्यास भक्कम दरवाजा आहे हें खरें, पण गडावर फिरूं लागलें म्हणजे बांधणाऱ्याचें लक्ष शत्रूपेक्षां पाण्याकडे अधिक होतें असें पदोपदीं दिसतें. खडकांत खोदलेलीं टाकीं, महालापुढचा मोठा हौद, आणि कड्याच्या कडेस मजल्यावर मजला चढवून उभी केलेली पाणी ओढण्याची उंच इमारत, हीं येथील मुख्य कामें. खालच्या टाक्यांतलें पाणी वर ओढून घ्यावयाचें, तें हौदांत खेळवावयाचें, व हौदावरून येणाऱ्या वाऱ्यांत बसावयाचें, असा हा सारा खटाटोप. आम्ही यास किल्ला न म्हणतां उन्हाळी महाल म्हणतों. तटबंदी महालाच्या रक्षणापुरती, आणि महाल पाण्याकरितां.

येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. मांजरसुंब्याचा माथा भोंवतालच्या पठाराहून कांहींसा उंच असला तरी महाबळेश्वरासारखी हवाच निराळी व्हावी इतका तो उंच नाहीं. म्हणजे येथील गारवा निसर्गानें दिलेला नव्हे. तो रोज वर ओढून आणावा लागे. बैल लावले काय किंवा माणसें लावलीं काय, हौद भरलेला राहावा म्हणून कोणीतरी सकाळपासून दोर ओढीत असलें पाहिजे. शिवाय ऋतूचा विचार करा. ज्या महिन्यांत झरा सर्वांत बारीक, त्याच महिन्यांत महालाची तहान सर्वांत मोठी. पावसाळ्यांत दोर ओढणें सोपें, पण तेव्हां महालांत कोणी नाहीं. या एका विसंगतींत उन्हाळी विसाव्याच्या सर्व इतिहासाचें बीज आहे असें आम्हांस वाटतें.

मुर्तजाचा शेवट या संदर्भांत आठवल्यावांचून राहत नाहीं. लोकांनीं ज्याला दिवाणा म्हटलें असा हा शहा वर्षानुवर्षें राज्यकारभारापासून अलग, एकांतांत राहिला. १५८८ सालीं त्याचा मुलगा मिरान हुसेन यानें त्याला हमामखान्यांत कोंडून, तो तापवून मारिलें. गारव्यासाठीं ज्याच्या दौलतीनें तळीं भरलीं तो उष्णतेनें मेला. इतिहासकार फिरिश्ता हा त्या वेळीं नगरांतच चाकरीस होता, व पुढच्याच वर्षीं विजापुरास निघून गेला.

मुर्तजाचा वजीर सलाबतखान याची कबर शहाडोंगरावर आहे. तिला चांदबिबीचा महाल म्हणण्याचा प्रघात पडला आहे, तो चुकीचा असून नगरच्या पाट्यांवरूनहि जात नाहीं. ही इमारत दूरवरून दिसते, वारा चोहोंकडून घेते, आणि तिची जागा शहराहून सातआठशें फूट उंच आहे. या गुणांमुळें, गोऱ्या पलटणींकरितां तेथें हवा पालटण्याचें ठिकाण करावें असा विचार एकदां निघाला होता, असें नगरच्या १८८४ च्या गॅझेटियरांत नमूद आहे. विचार विचारच राहिला. पण दोन राज्यकर्त्यांच्या दृष्टींतला फरक यांत चांगला दिसतो. निजामशहा पाणी आपल्याकडे आणी. साहेब उंची शोधीत जाई. १८०३ च्या ऑगस्टांत वेलस्लीनें नगरचा किल्ला घेतला, पुढें भिंगारास छावणी पडली, १८३१ सालीं अमेरिकन मिशनचे लोक आले. यांपैकीं ज्यांस शक्य होतें ते उन्हाळ्यांत थेट सह्याद्रीच्या माथ्यावर जात, आणि ज्यांस रजा थोडी ते डोंगरगणच्या सुखाच्या दरींत एखादा दिवस काढून परत येत. औरंगजेबालाहि १७०६ चा उन्हाळा भिंगारासच काढावा लागला होता, पण तो विसाव्यास आलेला नव्हता व तेथून जिवंत परतलाहि नाहीं.

आपल्या लोकांत उन्हाळ्याची सुटी आली ती शाळा व कचेऱ्या यांबरोबर. न्यायालयें मे महिन्यांत बंद, शाळा बंद. आणि १८७८ सालीं धोंड-मनमाड रेल्वे सुरू झाल्यावर नगर, वांबोरी, राहुरी हीं स्टेशनें पुण्यामुंबईच्या चाकरमान्यांस एका रात्रीच्या टप्प्यांत आलीं. मात्र हा चाकरमाना गारवा शोधीत आला नाहीं. तो आजोळीं आला, भावकीच्या लग्नाला आला, पाडाच्या आंब्याला आला. पुणें सोडून नगर जिल्ह्याच्या उन्हांत येणें याला हवापालट म्हणावयाचें तर हवा वाईटाकडून अधिक वाईटाकडे पालटत असे! तरीहि पिढ्यान् पिढ्या मुलें त्या सुट्यांच्या आठवणी सांगत आलीं, याचें कारण गांवांत त्यांस माणसें होतीं. विहिरीवर पोहावयास शिकविणारा मामा, माळवदावर अंथरुणें घालणारी आजी, खळ्यावरचा गडी, हीं त्या गांवाचीं रम्यस्थळें. पाहुण्याच्या पोरासाठीं आजी दोन घागरी जास्त आणी आणि त्याबद्दल बोलत नसे. त्या दोन घागरींचा हिशेब कोणत्याहि दप्तरांत सांपडणार नाहीं, पण मांजरसुंब्याचा हौद व या घागरी हीं एकाच प्रकरणाचीं दोन पानें आहेत.

वर शेंडी गांवाचें नांव आलें आहे. जिल्ह्यांत दुसरी एक शेंडी आहे, ती अकोले तालुक्यांत, भंडारदऱ्याच्या धरणाच्या तोंडाशीं. नगरजवळच्या शेंडीचें पाणी बादशहाच्या बागेंत गेलें. अकोल्याच्या शेंडीचें पाणी कोठें गेलें हें आतां पाहूं, कारण उन्हाळी सुटीचें आजचें मोठें ठिकाण तेंच आहे.

प्रवरेचा उगम रतनगडाच्या परिसरांतला. या नदीवर भंडारदऱ्यास धरण बांधण्याचें काम १९१० सालीं सुरू झालें व १० डिसेंबर १९२६ रोजीं गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. उंची सुमारें २७० फूट. त्या काळीं हिंदुस्थानांत इतकीं उंच धरणें फारशीं नव्हतींच. धरणास विल्सनचें नांव मिळालें, तलावास आर्थर हिल या इंजिनियराचें. कळसूबाईच्या छायेंतला हा जलाशय, त्याच्या वरच्या टोंकास रतनवाडीचें अमृतेश्वराचें प्राचीन देवालय, खालीं रंधा येथें कड्यावरून कोसळणारी प्रवरा, एवढें वैभव एका दिवसाच्या फेरींत पाहावयास मिळतें. तेव्हां प्रवासी तेथें गर्दी करितात यांत नवल नाहीं. पण हा तलाव प्रवाशांकरितां बांधलेला नाहीं, आणि ज्यांच्या शिवारांत तो उभा आहे त्यांच्याकरितांहि नाहीं. तो बांधला खालच्या राहुरी, श्रीरामपूर, नेवासें या अवर्षणग्रस्त मुलखाकरितां. कालव्यांवर ऊंस झाला, आणि १९५० सालीं लोणीस विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकारानें सहकारी साखर कारखाना उभा राहिला. खालच्या शेतकऱ्याच्या दृष्टीनें ही गोष्ट थोरच आहे, व तिचें मोल कमी करण्याचा आमचा हेतु नाहीं.

वरच्या खोऱ्यांतलें चित्र निराळें. घाटघर-रतनवाडीकडे वर्षास दीडदोनशें इंच पाऊस पडतो, म्हणजे नगरच्या सातआठपट. तथापि तेथील काळा पाषाण पाणी धरीत नाहीं; पाऊस संपतांच तें वाहून जातें, आणि वैशाखांत महादेव कोळी व ठाकर यांच्या वाड्यांतील बायका डोक्यावर हंडे घेऊन झऱ्याच्या वाटेनें चढतांना दिसतात. खालीं अथांग तलाव, वर कोरडी विहीर. हा मुलूख परकी अमलाशीं झुंजलेल्यांचा आहे. देवगांवचा राघोजी भांगरे यास इंग्रजांनीं ठाण्यास फांशीं दिलें तें २ मे १८४८ रोजीं. आणि त्यानंतर ऐंशी वर्षांच्या आंत त्याच खोऱ्यावर इंग्रज गव्हर्नराच्या नांवाचें धरण उभें राहिलें. जमिनी बुडाल्या त्या याच लोकांच्या.

अलीकडे या भागांत उन्हाळी सुटीचें एक नवें आकर्षण निर्माण झालें आहे, तें काजव्यांचें. मेच्या अखेरीस व जूनच्या आरंभीं, मृगाच्या तोंडावर, हिरडा, जांभूळ, सादडा अशा झाडांवर लक्षावधि काजवे एका तालांत चमकतात. हा परिसर १९८६ सालीं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यांत समाविष्ट झाला. काजव्याचा प्रकाश ही त्याची जोडीदारास घातलेली साद होय. मोटारींचे दिवे व हातांतल्या बत्त्या यांच्या झोतांत ती साद विरून जाते, आणि तशी ती वर्षानुवर्षें विरली तर पुढें झाडें काळोखींच राहतील. त्याच तालुक्यांत, कुरकुंडी व मुळा या नद्यांच्या मधील पुरुषवाडीनें पाहुण्यांची निराळी रीत घातली आहे. पाहुणा तेथें गांवकऱ्यांच्या घरीं जेवतो, शेताच्या बांधानें हिंडतो, आणि त्याचें द्रव्य घराघरांत वांटलें जातें. आजोळच्या सुटीस ही रीत आमच्या मतें सर्वांत जवळची; फरक इतकाच कीं, येथें दोन घागरींचा हिशेब होतो. कांहीं वृद्ध वाचकांस हें व्यापारी वाटेल. आम्हांस तें प्रामाणिक वाटतें.

पुन्हा नगराकडे वळूं. शहराच्या आसपास डोंगरउतारांवर हौशी लोकांचीं शेतघरें उभीं राहत आहेत, आणि प्रत्येकाची पहिली खूण म्हणजे कूपनलिका. निजामशहाला पाणी वर ओढण्यास माणसें लागत. आतां कळ दाबली कीं पुरे, त्यामुळें दोर ओढणारा दिसत नाहीं इतकेंच. उलट पक्षीं याच तालुक्यांतील हिवरे बाजार या गांवानें १९९० नंतर उतारांवर चर खोदून पाणी मुरविलें, शेतीसाठीं कूपनलिका खोदण्यास बंदी केली, आणि दरवर्षीं पडलेला पाऊस मोजून कोणतें पीक घ्यावें हें ग्रामसभेंत ठरविण्याची चाल पाडली. तेथें आतां देशोदेशींचे लोक पाहावयास येतात. पाहुणे येण्यापूर्वीं ज्यानें पाण्याचा ताळेबंद मांडला असें आमच्या पाहण्यांतलें हें गांव विरळा होय. खापरी नळांच्या काळीं कापूरवाडीस असा ताळेबंद मांडतां आला असता तर फराहबागेचें तळें इतकें भरलें असतें काय, हा प्रश्न वाचकांनींच सोडवावा.

राहतां राहिलें एक काम. मांजरसुंब्याचीं टाकीं, पाणी ओढण्याच्या इमारतीचे मजले, डोंगरगणच्या घळींतील झरे, या सर्वांचें तपशीलवार मोजमाप होणें अवश्य आहे. इमारतींचे नकाशे जाणकार काढतील व कांहींनीं काढलेहि आहेत. परंतु पाण्याची नोंद एका भेटींत होत नाहीं. ती चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत दर पंधरवड्यास करावी लागते, आणि ती तेथल्या रहिवाशांसच शक्य आहे. प्रत्येक झऱ्यास व टाक्यास गांवांत जें नांव असेल तेंहि लिहून घ्यावें. म्हाताऱ्या माणसांबरोबर तीं नांवें जात आहेत. डोंगरगण, मांजरसुंबा व शेंडी येथील शिक्षकांपैकीं कोणी हें काम अंगावर घेतील तर या त्रैमासिकांत त्यांचे आंकडे आनंदानें छापूं. साहित्य फारसें लागत नाहीं. गांठी मारलेली एक लांब दोरी, तिच्या टोंकास दगड, आणि एक वही.